पांढरी पायरी आणि माझा अंगठा

आमच्या गावात, म्हणजे पिंपळे सौदागरला, मी कंपनीत 'मोटार खात्यात' आहे असं सांगितलं जायचं. ऐकणाऱ्याला वाटायचं, मी मोटार चालवतो. आईला तर वाटायचं, मी ती तयार करतो. मी कोणाचाच गैरसमज दूर केला नाही. खरी गोष्ट एवढीच की मी मोटारी धुवायचो. चांगल्या धुवायचो, पण धुवायचोच.

आता गाडी धुण्यात काय लिहिण्यासारखं आहे, असं तुम्ही म्हणाल. माझे जावईही तेच म्हणाले. म्हणून आधी थोडं कामाबद्दल सांगतो. गाडी धुणं म्हणजे बादली ओतणं नव्हे. आधी टपावरून पाणी सोडायचं आणि धूळ नुसती भिजू द्यायची. कोरडी धूळ फडक्याने पुसली की ती पॉलिश पेपरसारखी रंग खाते. अंगाचं फडकं वेगळं, काचेचं वेगळं, चाकांचं वेगळं. चाकाचं फडकं चुकून बॉनेटवर फिरलं तर त्या माणसाने त्या दिवशी साहेबांसमोर येऊ नये. सगळ्यात शेवटी मेणाचं पॉलिश, आणि मग मऊ कापडाने गोल गोल हात, खांद्यातून वारं जाईपर्यंत. मोठ्या साहेबांच्या काळ्या अँबॅसडरमध्ये बघून ऑफिसातले लोक भांग पाडायचे. ती चमक माझी होती. चमक हाच माझा धर्म होता म्हटलं तरी चालेल. या धर्मानेच पुढे माझा घात केला.

चमकेशिवाय आणखी एक गुण माझ्या अंगात होता. दुसऱ्याचं बरं झालं की माझ्या पोटात दुखायचं. दवाखान्यात जाण्यासारखं नव्हे, नेहमीचं. कोणाला नवी सायकल मिळाली, दुखलं. कँटीनमध्ये शेजारच्याच्या वाटीत बटाट्याची फोड मोठी आली, दुखलं. आमच्या खात्यातला एक ड्रायव्हर शीळ छान वाजवायचा. मला शीळ वाजवायची नव्हती, तरी दुखायचं.

ही गोष्ट आणीबाणीच्या थोडी अलीकडची-पलीकडची. त्या वर्षी आमच्या खात्यात चार्जहँडची एक जागा निघणार होती. चार्जहँड म्हणजे स्वतः फडकं न धरता दुसऱ्याच्या फडक्याला नावं ठेवणारा माणूस. त्याला लॉकर असतो, खुर्ची असते आणि गेटपासवर सही करायचा अधिकार असतो. आमच्या ट्रान्सपोर्टचे जोगळेकर साहेब दिवाळीनंतर वर नाव पाठवणार होते. जागा एक होती आणि माझ्या मते माणूसही एकच होता. मी आतल्या आत खुर्चीवर बसायलाही सुरुवात केली होती.

त्याच सुमारास वॉल्टर साहेब आले. परदेशातून कंपनीत नवी मशिनं बसवायला आलेले इंजिनिअर. येताना विमानाने नाही आले. बायकोला घेऊन थेट रस्त्याने आले, स्वतःच्या गाडीने. ती गाडी म्हणजे घरच होतं. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. आम्ही तिला घरगाडी म्हणायचो. कंपनीने त्यांना बंगला दिला होता, पण शनिवार आला की दोघं घरगाडीत बसून घाटाकडे निघून जायची. सोमवारी गाडी चिखलाने माखून आमच्या धुलाईच्या ओट्यावर उभी राहायची.

या घरगाडीचं दार उंचावर होतं. चढायला दोन पायऱ्यांचा एक पांढरा, पोकळ ठोकळा होता, प्लॅस्टिकचा. गाडी थांबली की दारापुढे ठेवायचा, निघाली की आत घ्यायचा. वरून पाय घसरू नये म्हणून बारीक बारीक रेघा कोरलेल्या. आमच्याकडे तोवर प्लॅस्टिक म्हणजे बादली, पाण्याचा मग आणि फार तर फार बाहुली. प्लॅस्टिकवर माणसाने पाय देऊन चढायचं हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याच्याशी वागायचं कसं हे मला ठाऊक नव्हतं. तसं कबूल कसं करायचं हेही ठाऊक नव्हतं.

पहिल्या सोमवारी त्या पायरीवर मावळातला काळा चिखल वाळून बसला होता. मी काथ्याचा बोळा घेतला, धुण्याचा सोडा घेतला आणि घरासमोरची दगडी पायरी घासावी तशी ती घासली. लख्ख निघाली. पुढच्या सोमवारी पाहतो तर करडी. अजून जोरात घासली. तिसऱ्या सोमवारी ती चुलीपुढच्या फरशीसारखी दिसायला लागली. मी जितकी घासत होतो, तितकी ती काळी पडत होती. मला वाटलं, परदेशी माल नकली निघाला.

वॉल्टर साहेबांच्या मॅडम भल्या होत्या. पायरीकडे बघायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि "अच्छा" म्हणायच्या. त्यांना हिंदीतला तेवढाच शब्द येत होता. पण त्या 'अच्छा'मध्ये जे होतं ते मला कळत होतं.

मग मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. अँबॅसडरचं मेण. दोन्ही पायऱ्यांवर दोन हात दिले आणि कापडाने अशी घोटली की रेघांचा पत्ता लागेना. पायरीत आभाळ दिसायला लागलं. जोगळेकर साहेबांना मी मुद्दाम बोलावून आणलं. म्हटलं, साहेब, मॅडमना दाखवू या. मॅडमनी दार उघडून त्यांना वर या अशी खूण केली. साहेब पायरीवर चढले आणि पायरीशिवायच उतरले. नुसते उतरले नाहीत, थेट ओट्यावर बसले.

मी आणि मॅडमनी मिळून त्यांना उठवलं. कमरेवर हात ठेवून ते म्हणाले, "दत्तोबा, पायरीला काय लावलंत?"

"चमक आणली, साहेब."

"ती माझ्या कमरेत भरलीय," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सीट शिवण्याच्या शेडमधून उस्मानभाईला बोलावलं. उस्मान शेख, काळेवाडीचा. बस आणि जीपच्या सीटा शिवायचा. माझ्याच वयाचा, माझ्याच रस्त्याने सायकलवर येणारा. आम्ही रोज बरोबर यायचो आणि तोवर माझं त्याच्याबद्दल काही वाईट मत नव्हतं. कारण तोवर त्याचं काही बरं झालेलं नव्हतं.

त्याने पायरी उचलली, उलटी केली, बोटाने चाचपली. शिवणीवरून बोट फिरवायची त्याला सवयच होती. म्हणाला, "दत्तोबा, हे बघा, बारीक चरे पडलेत. त्यात माती जाऊन बसते. घासाल तेवढे चरे वाढणार आणि तेवढी माती बसणार."

"मग काय ओवाळायची हिला?"

"ओवाळा की. पण काथ्याने नको."

दुसऱ्या दिवशी तो घरून रिठे घेऊन आला. बायका रेशमी लुगडी धुतात ते. टरफलं कोमट पाण्यात भिजवून चोळली, फेस काढला. मऊ फडक्याने आधी माझं मेण उतरवलं. मग जुना दात घासायचा ब्रश घेऊन एकेक रेघ उघडी केली. रेघेच्या दिशेने, आडवं नाही. मग भरपूर साधं पाणी, आणि शेवटी फडक्याने पुसणं नाही, टिपणं. लहान मुलाचं अंग टिपतात तसं. चरे गेले नाहीत, पण त्यातली माती गेली. पायरी पुन्हा पांढरी दिसायला लागली, आणि पाय ठेवला तर पाय जागेवर राहायला लागला.

एवढ्यावर त्याने थांबायला हवं होतं. थांबला नाही. म्हणाला, प्लॅस्टिकला ऊन सोसत नाही. वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की ते आधी पिवळं पडतं, मग पिठासारखं सुटतं, मग तडकतं. म्हणून त्याने सीटांच्या उरलेल्या खाकी कॅनव्हासमधून पायरीला अंगासरशी खोळ शिवली. खाली चार बटणं. मी तिला झूल म्हटलं, बैलाच्या पाठीवर घालतात ती. चिडवायला म्हटलं होतं. पण सगळ्यांना तो शब्द आवडला आणि तेच नाव पडलं. माझा शब्द, तोही त्याच्याच खाती गेला.

मॅडमनी झूल पाहिली आणि पहिल्यांदाच 'अच्छा' दोनदा म्हणाल्या. त्या दिवसापासून घरगाडीची किल्ली उस्मानभाईकडे आली. जोगळेकर साहेबांच्या केबिनमध्ये एक खिळा होता, त्यावर ती लटकायची, आणि उस्मानभाईशिवाय तिला कोणी हात लावायचा नाही असा हुकूम झाला.

पुढचे दीड-दोन महिने माझ्या पोटाला विश्रांती नव्हती. ओट्यावर मी ट्रक धुवायचो आणि ट्रकच्या आरशातून घरगाडीकडे बघायचो. उस्मानभाई बूट काढून पायरी चढायचा. मशिदीची असो की मोटारीची, पायरी ती पायरी, असं त्याचं. मॅडमना ते इतकं भावलं की त्या स्वतःही चपला काढायला लागल्या. मग त्या त्याला आत बसवून चहा द्यायच्या. मी गाडीचा प्रत्येक नटबोल्ट बाहेरून धुतला होता, आणि आत मात्र एकदाही गेलो नव्हतो.

संध्याकाळी सायकलवर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "चहा कसा असतो त्यांचा?"

"पांचट. साखर वेगळी देतात."

"वेगळी म्हणजे?"

"वेगळ्या भांड्यात. आपण घ्यायची, हवी तेवढी."

'हवी तेवढी' हे दोन शब्द मला आठवडाभर पुरले.

रिठ्याचा प्रयोग मीही घरी करून पाहिला, हे आता सांगायला हरकत नाही. रिठे पाण्यात टाकून ते रवीने घुसळले. फेस उडून दोन्ही डोळ्यांत गेला. ज्याच्या डोळ्यांत रिठा गेलाय त्यालाच ते कळेल. आमच्या मंडळींनी माझे लाल डोळे पाहिले आणि विचारलं, "काय वो, कुनी काय बोललं का कंपनीत?" मी न्हाई म्हटलं. ते खरंच होतं. मला कोणी काही बोलतच नव्हतं, हेच तर दुखणं होतं. जोगळेकर साहेब आता येता-जाता म्हणायचे, "उस्मानचा हात बघा, हात." चार्जहँडची खुर्ची माझ्याखालून सरकत होती आणि मला ती सरकताना ऐकू येत होती.

दसरा आला. कारखान्यातला दसरा म्हणजे खरं तर आदला दिवस, खंडेनवमी. मशिनं पुसायची, हत्यारं मांडायची, गाड्या धुऊन रांगेत उभ्या करायच्या, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, पेढे. त्या वर्षी मॅडमच्या हौसेखातर घरगाडी रांगेत पहिली उभी राहणार होती. मी मनात म्हटलं, दत्तोबा, ही तुझी वेळ. रिठे-ब्रश त्याचं असेल, पण पूजेतलं त्याला काय कळणार? इथे तो आपोआप मागे राहील.

तो सकाळी सगळ्यांच्या आधी हजर होता आणि येताना सायकलच्या हँडलला झेंडूचं तोरण अडकवून आला होता. घरीच ओवलेलं. मध्ये मध्ये आंब्याची पानं, सगळी एका मापाची. शिवणारा माणूस, तो ओवणारच नीट. माझी माळ मंडईतली होती आणि तिचा धागा सुटत होता.

मग मी हातचा एक्का काढला. सगळे जमले होते. नारळ फोडायच्या आधी मी हळद तेलात कालवली आणि त्या पांढऱ्या पायरीची, आपण उंबऱ्याची करतो तशी, पूजा केली. वरच्या पायरीवर हळदीची पाच बोटं, खालच्या पायरीवर स्वस्तिक, त्यावर कुंकू. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढले, पायरीचे आणि माझेही. जोगळेकर साहेब म्हणाले, "वा, दत्तोबा, उंबऱ्याचं सुचलं हे बेस झालं." किती तरी दिवसांनी माझं पोट शांत झालं.

पेढे वाटताना उस्मानभाई माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "दत्तोबा, त्या हळदीला हात लावू नका. परवाच्या दिवसापर्यंत पायरी झूल न घालता उन्हात राहू दे. हळद उन्हाने उडून जाते. मी किल्ली खिळ्याला लावून चाललोय, पायरी बाहेरच ठेवलीय."

सरळ बोलला होता. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बरं झालं सांगितलंत. माझ्या डोक्यात मात्र एकच आलं: हळदीचं मला हा शिकवणार? शिवाय परवा, सुट्टीनंतर, वॉल्टर साहेब गाडी घेऊन लांब दौऱ्यावर जाणार होते. म्हणजे हा सकाळी येणार, पांढरी पायरी पुढे ठेवणार, मॅडम दोनदा 'अच्छा' म्हणणार, आणि दिवाळीनंतर वर नाव जाणार. ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

दुपारी सगळे घरी गेले. मी मागे राहिलो. पायरी ओट्यावर घेतली आणि सोडा लावला.

हळदीला सोडा लागला की काय होतं हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत असतं. मी चाळीशी ओलांडलेला पुरुष होतो. पिवळं होतं ते बघता बघता लाल झालं. साधं लाल नव्हे, बोकड कापल्यासारखं. स्वस्तिक फुटून सगळीकडे पसरलं. मी आणखी सोडा लावला. ते आणखी लाल झालं.

मग मी रंगाच्या शेडमधून थिनरचा डबा आणला. गाडीवरचा डांबराचा डाग थिनरने निघतो, हे मी शंभर वेळा केलेलं. पत्र्यावर केलेलं. प्लॅस्टिकला फडकं लावताच ते गुळाच्या पाकासारखं झालं. फडक्याचे धागे त्यात अडकले. ते काढायला मी वरची पायरी कोपऱ्यात अंगठ्याने दाबून धरली आणि अंगठा उचलला तर अंगठा तिथेच राहिला. म्हणजे अंगठ्याचा ठसा. माझ्या उजव्या अंगठ्यावर एक आडवी खूण आहे, व्हीलकॅप काढताना कापल्याची. तीसुद्धा त्या ठशात आली, अगदी छापखान्यात छापल्यासारखी.

मी काय केलं ते आता सरळ लिहितो. साहेबांच्या केबिनमधून किल्ली घेतली, पायरीला झूल घातली, चारही बटणं लावली, पायरी घरगाडीत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि घरी जाऊन दुसऱ्या दिवशी सोनं वाटलं.

घरी मी मंडळींना सहज विचारलं, हळदीचा डाग कशाने जातो? त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "उन्हानं जातो. येवढं बी ठावं न्हाई व्हय तुमास्नी? निसतं उन्हात टाकायचं आन् इसरून जायाचं."

सुट्टीनंतरच्या सकाळी वॉल्टर साहेब, मॅडम आणि जोगळेकर साहेब गाडीपाशी आले. उस्मानभाईला पायरी बाहेर दिसली नाही तेव्हाच तो थबकला. कुलूप काढून आतली पायरी बाहेर आणली, बटणं सोडली. झूल निघेना. प्लॅस्टिक ओलं असताना मी ती घातली होती, ती चिकटली होती. त्याने ओढली तशी ती टर्रर्र करत सुटली. खाली तांबड्या ओघळांचा नकाशा, त्यावर कॅनव्हासची वीण उमटलेली. आणि वरच्या कोपऱ्यात अंगठा.

मॅडम काहीच बोलल्या नाहीत. 'अच्छा'सुद्धा नाही.

जोगळेकर साहेबांनी वास घेतला. "थिनर. किंवा तुमचं ते सीट चिकटवायचं सोल्युशन. कोणी लावलं हे?"

साहेबांनी घरगाडीचं कुलूप हातात घेतलं.

"किल्ली कोणाकडे असते?"

उस्मानभाई वाकला. त्याने त्या ठशावरून बोट फिरवलं, शिवण तपासावी तसं, हळू. आडव्या खुणेशी बोट थांबलं. मग त्याने वर पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हाताकडे. मी हात खिशात घातला. तो खिसा फाटका होता. अंगठा खालून बाहेर आला असणार, असं मला आजही वाटतं.

"किल्ली माझ्याकडे असते, साहेब," तो म्हणाला.

त्याने एवढंच वाक्य म्हटलं. पुढचं वाक्य माझं होतं. सगळे जण ते ऐकायला उभे आहेत असं मला वाटलं, आणि मी टपावरची धूळ बघत राहिलो.

वॉल्टर साहेब लाकडी खोकं पायरी म्हणून ठेवून दौऱ्यावर गेले. नंतर आमच्याच फॅब्रिकेशनवाल्यांनी त्यांना नक्षीच्या पत्र्याची लोखंडी पायरी करून दिली. तिला ना रिठे लागत होते, ना झूल. दिवाळीनंतर जोगळेकर साहेबांनी वर नाव पाठवलं. माझं. म्हणाले, "उस्मानचा हात चांगला आहे, पण जबाबदारी म्हणून काही असतं." खुर्ची मिळाली. तिच्या एका पायाखाली कागदाची घडी ठेवावी लागायची, नाहीतर ती डुगडुगायची.

चार्जहँड म्हणून माझ्यापुढे पहिलाच गेटपास आला तो उस्मानभाईचा. 'भंगार. प्लॅस्टिकची पायरी. एक नग.' ती त्याला घरी न्यायची होती.

"काय करणार हिचं?" मी विचारलं.

"दारात चिखल होतो. घालीन पुढे."

त्या पायरीवर माझा अंगठा आधीच उठलेला होता. आता कागदावर सहीही केली.

नंतरही आम्ही बरोबरच यायचो. सायकली शेजारी-शेजारी. तो पावसाबद्दल बोलायचा, मुलीच्या शाळेबद्दल बोलायचा, पवनेला किती पाणी आलं ते सांगायचा. त्या पायरीबद्दल कधी चकार शब्द नाही. टोमणा नाही, नजर नाही. मीही गप्पच होतो, पण त्याचं गप्प बसणं माझ्यापेक्षा वरच्या दर्जाचं होतं, आणि मला त्याचाही हेवा वाटायचा. त्याने एकदा शिवी हासडली असती तर आमची बरोबरी झाली असती.

दर ईदला तो घरी बोलवायचा. दर ईदला माझ्या घरी पाहुणे यायचे, निदान मी तसं सांगायचो. चार्जहँड म्हणून मी पुढे बऱ्याच जणांना शिकवलं: काथ्या नाही, सोडा नाही, थिनर तर बापजन्मात नाही, रिठ्याचं पाणी, रेघेच्या दिशेने ब्रश, आणि पुसायचं नाही, टिपायचं. लोक म्हणायचे, दत्तोबांचं ज्ञान दांडगं. हे ज्ञान कोणाचं हे मी सांगत नसे.

मग मी निवृत्त झालो. यंदाच्या ईदला मात्र मंडळींनी ऐकलं नाही. "येवढ्या वर्साचा मानूस, दर साली बोलावतो. जायाचं," म्हणाल्या आणि लुगडं बदलून उभ्या राहिल्या. काळेवाडीत त्याचं घर शोधायला लागलं नाही. गल्लीत शिरल्यावर ते लांबूनच ओळखू आलं, दारात पायरी होती.

उन्हापावसात राहून ती पिवळी पडली होती. हात लावला तर बोटाला पीठ लागत होतं, त्याने सांगितलं होतं तसंच. तांबड्या ओघळांचा मात्र कुठे मागमूस नव्हता. अंगठा होता, आडव्या खुणेसकट. बाहेर भुरभुर पाऊस होता, गल्लीत चिखल होता. मला आत जायचं तर स्वतःच्या अंगठ्यावर पाय देऊन जायला हवं होतं. मी चप्पल काढली. मंडळी म्हणाल्या, "आत काढा की, हितं चिखलात कशाला?" मी कोपरा चुकवून चढलो.

उस्मानभाईने मिठी मारली. भाभींनी शीरखुर्मा आणला. त्यात साखर आधीच घातलेली होती, मला वाटतं हवी त्यापेक्षा जास्त. तो मला मुलीच्या नोकरीचं सांगत होता, जोगळेकर साहेबांच्या तब्येतीचं सांगत होता. मी वाटीत नुसता चमचा फिरवत होतो. मंडळी शेजारी बसल्या होत्या, त्यांनाही यातलं काही ठाऊक नव्हतं. शेवटी मी वाटी खाली ठेवली.

"उस्मानभाई, ते थिनर मी लावलं होतं."

मंडळींनी माझ्याकडे पाहिलं. "कसलं थिनर?"

उस्मानभाई सावकाश पाणी प्यायला. तांब्या ठेवला. म्हणाला, "किती वर्षं लावलीत, दत्तोबा. पायरी दारात उन्हात ठेवली, तर दोन दिवसांत गेली होती हळद."

एवढं म्हणून त्याने माझ्या वाटीत आणखी एक पळी वाढली. असं वाक्य मला सुचलं नसतं, मी त्याच्या जागी असतो तरी. पोटात दुखलं. पण वाटी संपवली.

निघताना पाहिलं तर येताना आम्हीच आणलेला चिखल पायरीच्या रेघांत बसला होता. काही अंगठ्यातही भरला होता. मी खिशातून रुमाल काढला आणि वाकलो. हाताला जुनी सवय, जोर आपोआप आला.

"घासू नका, दत्तोबा," दारातून उस्मानभाई म्हणाला. "टिपा."